माझा सुळा

११ जून, चेन्नै

उद्या सकाळी माझा सुळा काढणार. नुसता दात नाही, त्याच्या मुळाला धरून असलेलं जबड्याचं हाडही. त्याची पातळ चकती घासतात, मधे भोक पाडतात, भोकात प्लास्टिकची बारीक नळी बसवतात आणि ती चकती माझ्या लेकीच्या, तामरैच्या डोळ्यावर शिवतात. नळीतून उजेड आत जातो. घरी मायावरमला शेजारच्या वडिवूला हे सांगितलं तर ती म्हणाली, तैयलक्का, तुला कोणीतरी येडं बनवतंय. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

तामरै एकोणीस वर्षांची असताना साध्या तापावर घेतलेली गोळी तिला बाधली आणि अंग आतून-बाहेरून सोलून निघालं. जीव वाचला, डोळे गेले. दुसऱ्या कोणाचं बुबुळ बसवावं तर डोळ्यात ओलावाच उरला नाही, ते टिकत नाही. नुसतं प्लास्टिक बसवावं तर डोळा ते ढकलून देतो. दात मात्र शरीराला आपला वाटतो, आणि दात प्लास्टिकला धरून ठेवतो. ओळखीच्या माणसाबरोबर आला की अनोळखी पाहुणाही घरात घेतोच ना आपण, तसं. खरं तर दात तिचाच हवा, पण त्या आजारात तिच्या हिरड्याही गेल्या, कामाचा एक सुळा उरला नाही. म्हणून माझा. रक्त बरंच जुळलं.

डॉक्टर उमैयाळ म्हणाल्या, तुमचा दात तिच्या शरीराला परकाच, त्यामुळे त्याने भांडू नये म्हणून गोळ्या कायमच्या. मी म्हटलं, आईचा दात परका कसा हो? त्या नुसत्या हसल्या.

घरी माझं इडली-डोशाच्या पिठाचं दुकान आहे. ते बंद ठेवून इथे बसलेय. बोलायला कोणी नाही म्हणून लिहितेय.

१३ जून

गाल फुगून भोपळा झालाय. बोलता येत नाही. जावई सांत्वनाला आला आणि म्हणाला, अत्तै, इतकी शांतता मी लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती. मेल्याला उत्तर द्यायला तोंड उघडेना.

जावई मुगिलन जन्मापासून आंधळा. वीज मंडळात फोनवर लोकांच्या तक्रारी घेतो, दिवसभर शिव्या खातो आणि घरी येऊन त्या आम्हाला नकला करून ऐकवतो. माणूस वाईट नाही. पण हे लग्न मला नकोच होतं, आणि ते मी लपवलंही नाही. घरात एकाला तरी दिसायला हवं की नको?

तामरैच्या गालात, कातडीखाली खिसा करून माझा दात शिवून ठेवलाय. तीन-चार महिने तो तिथेच राहायचा. तिचं मांस त्याच्याभोवती वाढेल, रक्ताच्या बारीक बारीक वाहिन्या त्यात शिरतील, मग तो तिचा झाला असं धरायचं. पीठ झाकून ठेवलं की मधे उघडून बघायचं नसतं, तसंच हे.

४ ऑगस्ट, मायावरम

आडी महिना, देवीचा. मारिअम्मनच्या देवळात चांदीचे डोळे वाहीन असा नवस बोलून आले. घरी येऊन रोजच्यासारखा तामरैच्या गालावर बोट ठेवलं. आत टणक लागतं. माझंच हाड, आणि तिच्या गालात गरम आहे. मला इतकं बरं वाटतं की सांगता येत नाही. तिला मात्र कंटाळा आलाय. अम्मा, तू मला बघायला येतेस की दाताला, असं म्हणाली.

१७ ऑक्टोबर, चेन्नै

दिसलं.

पट्टी काढली तेव्हा मी तिच्या समोरच बसले होते. डोळा बघवत नाही. पांढरं-काळं काही नाहीच, वर चढवलेलं गालाच्या आतलं गुलाबी मांस आणि मधोमध एक काळा ठिपका. त्या ठिपक्यातून तिने माझ्याकडे बघितलं, मान जरा इकडे जरा तिकडे केली, आणि म्हणाली, अम्मा, तुझे केस कुठे गेले? सात वर्षांत गेले गं बाई, हळूहळू गेले. मी रडले, नर्स रडली, शेजारच्या खाटेवरची ओळख ना पाळख ती बाईही रडली.

मग मुगिलन म्हणाला, मी कसा आहे ते सांग एकदाचं. ती त्याच्याकडे किती वेळ बघत बसली. म्हणाली, आवाजापेक्षा बरा आहेस. तो हसला खूप, पण नंतर खिडकीशी जाऊन उभा राहिला. आंधळ्याला खिडकीत काय काम? बायको डोळस झाली, आता आपलं कसं होणार ही धास्ती असणार. मला दया आली त्याची.

२ नोव्हेंबर

घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या. दोन प्रकारच्या आहेत. एकीने अंगावर लव वाढते, हिरड्या सुजतात, ते चालवून घ्या म्हणाल्या. दुसरी चालू असताना मूल होऊ द्यायचं नाही, बाळात व्यंग येतं. कधी हवं वाटलं तर आधी मला येऊन सांगायचं, मी बघते काय करता येतं ते. तामरैने विचारलं, म्हणजे मग डोळ्याला धोका ना? डॉक्टर म्हणाल्या, थोडा असतोच.

मूल काय, आत्ताच कुठे. आधी जग तर बघू दे पोरीला. वर्षभराने बघू.

१६ जानेवारी, मायावरम

पोंगल झाला. तामरैने दारात तांदळाच्या पिठाचं एवढं मोठं कोलम काढलं, गल्लीतल्या बायका बघायला आल्या. कोलम बघायला कमी आणि डोळा बघायला जास्त, ते मला कळत होतं. पण मिरवलं मी. हो, मिरवलं. माझा दात आहे तो, म्हणून प्रत्येकीला सांगितलं. मुगिलन म्हणाला, घरात तीन माणसांत मिळून आता तीन डोळे, त्यातला एक अत्तैच्या दाताचा. तिने रागाने बघितलं तर चावेल मला. बायका पोट धरून हसल्या.

वडिवू जाताना बोललीच. डोळा मिळाला, आता पाळणा कधी? मी तिथल्या तिथे तामरैला म्हटलं, ऐकलंस? माझे हातपाय चालतायत तोवर नातवंड दे बाई, तुमच्या दोघांच्या भरवशावर का वाढणार आहे ते? गंमतच केली. ती ओठावर हात ठेवून आत गेली. गोळ्यांनी तिला मिशी आल्यासारखी लव आलीय, त्याची लाज वाटते तिला.

संध्याकाळी देवळात जाऊन झाडाला लाकडाचा छोटा पाळणा बांधून आले. सगळ्याच बांधतात. तामरै बरोबर होती, तिनेच फांदी वाकवून धरली.

९ मार्च

नवस फळला म्हणते मी. तामरैचा चेहरा कसा उजळलाय. ओठावरची लव गेली, हिरड्यांची सूज उतरली. मारिअम्मन आईने कृपा केली. मी वडिवूला बोलावून दाखवलं. तामरै चिडली, अम्मा मी काय दुकानातली वस्तू आहे का, म्हणाली. आताशा चिडते फार.

२१ मे

तामरै ग्राइंडरच्या पातेल्याला अडखळून पडली. पातेलं कुठे ठेवायचं याचं भान मला नाही, असं मलाच सुनावलं. पातेलं गेली वीस वर्षं तिथेच आहे. ऊन सहन होत नाही म्हणून दुपारी पडदे ओढून बसते. डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर पुढच्या महिन्यात, असं कधीपासून चाललंय.

३ जुलै

आनंद मावेना. तामरैला दिवस गेलेत, आणि थोडेथोडके नाही, पाचवा लागला म्हणे. पोट दिसायला लागलं तेव्हा कुठे बोलली. सैल झगे घालत होती ते गरमीमुळे असं मी समजत होते. मी बावळट, गल्लीतल्या चार पोरींची बाळंतपणं बघितलेली बाई. मिठाई वाटली, पाळण्याच्या झाडाला दुधाचा घडा घातला.

मुगिलनला म्हटलं, बाप होणार तुम्ही, तोंड असं का? त्याने माझा हात हातात घेतला. असं कधी करत नाही तो. म्हणाला, अत्तै, तिला एकदा डॉक्टर उमैयाळकडे घेऊन जा, माझं ऐकत नाही ती.

२४ जुलै, चेन्नै



डॉक्टरांनी चकतीचा फोटो काढला. माझा दात अर्ध्यावर आलाय. तिच्या अंगाने तो खाल्ला. कडेकडेने, थोडा थोडा. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? मी म्हटलं, बंद कशाला असतील? तामरै म्हणाली, फेब्रुवारीपासून.

म्हणजे मिशी गेली ती देवीच्या कृपेने नाही. आणि मी वडिवूला बोलावून दाखवली होती.

डॉक्टर रागावल्या नाहीत. आधी आला असतात तर गोळ्या बदलून बघितल्या असत्या, जमलंच असतं असं नाही, एवढंच म्हणाल्या. आता बाळाला चालतील अशा सुरू केल्या आहेत, पण कुरतडणं एकदा सुरू झालं की थांबवणं कठीण. दात सैल झाला की नळी हलणार, नळी हलली की डोळ्यात घाण शिरणार.

बाहेर बाकावर मी तिला नको नको ते बोलले. आईचं हाड काढून घेतलंस आणि उकिरड्यावर फेकलंस, असं बोलले. लोक बघत होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अम्मा, तुला नातवंड हवं होतं आणि माझा डोळाही हवा होता. मलाही दोन्ही हवं होतं. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, आणि मग तू मला कधीच होऊ दिलं नसतंस."

 मी होऊ दिलं नसतं हे खरंच आहे.

२६ जुलै, मायावरम

मुगिलनला जाब विचारला. त्याला माहीत होतं. गोळी पाकिटातून काढताना कट् असा आवाज होतो, तो फेब्रुवारीत बंद झाला, म्हणाला. मी म्हटलं, मग तोंड शिवलं होतं का? तुम्हाला काय, तुम्हाला अंधाराची सवयच. तो म्हणाला, "मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, तू आंधळा आहेस म्हणून तुझं काय अडलंय? यावर मी काय बोलणार होतो, अत्तै?"

मी उठून दुकानात गेले. गिऱ्हाईकाला पीठ देताना डबा हातातून सुटला.

१२ ऑगस्ट, चेन्नै

डॉक्टरांपुढे हात जोडले. उजव्या बाजूचा सुळा शाबूत आहे माझा, तो घ्या, खालचे घ्या, सगळे घ्या. त्या म्हणाल्या, उपयोग नाही. पहिल्या वेळी तिचं शरीर तुम्हाला ओळखत नव्हतं. आता ओळख पटलीय. दुसरा दात घातला तर पहिल्यापेक्षा लवकर खाईल.

ओळख पटल्यावर माणसं जवळ घेतात. ही कसली ओळख?

मी विचारलं, ती नऊ महिने माझ्या पोटात होती, अर्धी तिच्या बापाची, म्हणजे मलाही परकीच ना? माझ्या अंगाने नाही कुरतडलं तिला. डॉक्टर म्हणाल्या, पोटातल्या बाळापुरती शरीर तेवढी सूट देतं, का ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. दाताला ती सूट नाही. आणि आता तिचंही शरीर तिच्या बाळाला तशीच सूट देतंय, ते बघा. मला बघायचं नव्हतं. मला माझ्या पोरीचा डोळा हवा होता.

१४ सप्टेंबर, मायावरम

बांगड्या भरल्या. गल्लीतल्या बायका आल्या, गालाला चंदन, दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, पाच प्रकारचे भात. पोटातल्या बाळाला आवाज ऐकू जावा म्हणून भरतात. तामरै सारखी हात हलवत होती. बायका विचारत होत्या, हिरव्या आवडल्या की लाल? ती म्हणायची, दोन्ही छान. तिने बांगड्यांकडे एकदाही बघितलं नाही. आता तिला ठिपक्यातून धूर भरल्यासारखं दिसतं, जवळचं तेवढं बरं.

माझ्या मनात एकच चाललंय. अडीच महिने. एवढे अडीच महिने माझ्या दाताने तग धरावा. एकदा बाळाचं तोंड दिसू दे तिला, मग जाऊ दे. मी देवीपुढे यापेक्षा जास्त काही मागत नाही.

१९ ऑक्टोबर, चेन्नै

नळी हलली. काल सकाळी उशीवर पाणी होतं. रात्रीच्या गाडीने आणलं. डॉक्टर म्हणाल्या, उद्या काढून टाकायची. पू झाला तर आईलाही धोका आणि बाळालाही.

मी त्यांचे पाय धरायची बाकी होते. महिनाच राहिलाय हो, औषधं द्या, शिवून टाका, काहीही करा, बाळ झालं की त्याच दिवशी काढा.  तेव्हा तामरै म्हणाली, काढा. असं म्हणाली जणू चप्पल काढायची आहे. पुढे म्हणाली, अम्मा, मी बाळासाठी डोळा घालवला आणि आता डोळ्यासाठी बाळ घालवू का? हिशोब कर ना. मी कसला हिशोब करू. 

२० ऑक्टोबर

सकाळी त्यांनी थोडा वेळ दिला. मी म्हटलं चल, गाडी करते, समुद्र बघून ये, कापालीश्वराचं गोपुर बघून ये. काहीतरी बघण्यासारखं बघून घे गं. ती म्हणाली, नको. मला खिडकीशी उजेडात बसवलं आणि समोर स्टूल ओढून बसली. इतकी जवळ की तिचा श्वास लागत होता. मी म्हटलं, मला काय बघतेस, या सुरकुत्या?

"मुलगी झाली आणि तुझ्यासारखी निघाली, तर मला कळायला नको? हलू नकोस."

मी हलले नाही. तिने कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, नाक बघितलं. दात गेला तिथला खड्डा दिसतो म्हणून मी ओठ मिटून बसले होते, तर तोंड उघड म्हणाली. मी उघडलं. बांगड्या काढून घ्यायला नर्स आली तोवर आम्ही अशाच बसलो होतो. रडायचं नाही असं ठरवलं होतं मी, रडताना चेहरा वेडावाकडा होतो, आणि तिला तसा आठवायला नको होता.

दुपारी चकती काढली. मी मागून घेतलं, उरलंय ते दाखवा म्हणून. नखाएवढी कपची, कडा उंदराने खाल्ल्यासारख्या. हे माझं हाड होतं. त्यांना म्हटलं, टाकून द्या.

२४ नोव्हेंबर, मायावरम

मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्सने पहिल्यांदा माझ्याच हातात दिली.

नीट बघितली मी तिला. पुन्हा पुन्हा बघितली. माझं काही नाही तिच्यात. कपाळ नाही, भुवया नाहीत. तामरैचंही नाही. नाक फताडं, हनुवटीला खळी, कान बाहेर आलेले. मुगिलन लहान करून ठेवावा तशी दिसते. डोळे मात्र चांगले आहेत, उजेडाकडे वळतात, दिवा फिरवून बघितला मी दोनदा.

तामरैजवळ नेली तेव्हा तिने पहिलंच विचारलं, कोणासारखी आहे? मुगिलन शेजारीच बसला होता. मी म्हटलं, माझ्यासारखी. हुबेहूब. तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मी मग थांबलेच नाही, कपाळ माझं, नाक माझं, भुवया माझ्या, सगळं सांगत सुटले.

ती बाळाच्या नाकावरून बोट फिरवत राहिली. मग हनुवटीवरून. मग कानावरून. दुसरा हात तिने मुगिलनच्या तोंडावर ठेवला होता, त्याच्या नाकावर, हनुवटीवर, दमली होती म्हणून आधार घेत असेल. त्याने तो हात तिथेच धरून ठेवला. मग तिने बाळाला छातीशी धरलं आणि म्हणाली, "हो गं अम्मा. अगदी तुझं नाक आहे."

पटलं तिला. बरं झालं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन मन भरेपर्यंत रडले, आणि मग वडिवूला फोन करून मुलगी झाल्याचं सांगितलं.